‘सेफ्टी टँक’च्या आत काय चालतं, आणि काळ्या रानात ती बांधताना काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. परभणीच्या बाहेर नव्या लेआउटमध्ये तीस बाय चाळीसचा प्लॉट, घरात पाच माणसं, एका कोपऱ्यात बोअर मारून झालाय, ड्रेनेजची लाईन यायचं चिन्ह नाही. संडासाच्या टाकीसाठी मिस्त्री म्हणतोय, "दहा बाय आठचा खड्डा घेऊ, खाली कोबा कशाला टाकायलात? मोकळंच सोडू, पाणी मुरतंय की. जिंदगीत उपसायचं काम नाही." अंबाजोगाईला तुमच्या मेहुण्यांनी असंच केलंय आणि बारा वर्षांत त्यांची टाकी एकदाही भरली नाही. मग जास्तीचा खर्च कशाला? आणि टाकीत पाणी खरंच शुद्ध होतं का?

आधी मेहुण्यांच्या टाकीचं बोलतो. बारा वर्षांत जी टाकी भरत नाही ती चांगली नाही, फुटकी आहे. नळाखाली ठेवलेली घागर भरतच नसेल तर आपण घागरीचं कौतुक करत नाही, बूड तपासतो. पाच माणसांचं पाणी रोज आत जातंय आणि वर काही येत नाही, म्हणजे ते खाली कुठंतरी चाललंय. अंबाजोगाईच्या खडकात ते कुठं जातं, ते पुढं सांगतो.

आपल्याकडं सगळे ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. मिस्त्री म्हणतो, दुकानदार म्हणतो, मी इस्टिमेटसुद्धा तसंच लिहिलेलं पाहिलंय. मूळ शब्द सेप्टिक, म्हणजे कुजवणारी. १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्झिटर गावच्या डोनाल्ड कॅमेरॉन नावाच्या इंजिनिअरनं हे नाव रूढ केलं. नावातच काम सांगितलंय, टाकी मैला कुजवते. सुरक्षिततेशी त्या शब्दाचा काही संबंध नाही, आणि ‘सेफ्टी’ म्हणता म्हणता टाकीतून आलेलं पाणी निर्धोक आहे असा समज मात्र पक्का होऊन बसलाय.

आता आत काय होतं ते. संडासातून आलेलं पाणी पहिल्या कप्प्यात शिरतं आणि तिथं त्याचा वेग मरतो. टाकीचं पहिलं काम एवढंच, पाणी उभं करणं. पाणी उभं राहिलं की जड ते बुडाशी बसतं, त्याला आपण गाळ म्हणू. तेल, चरबी, साबणाचा फेस, हलकं ते वर तरंगतं आणि त्याची साय धरते. चालू टाकीचं झाकण उघडलं की पहिल्या कप्प्यात ही तपकिरी, भेगाळलेली साय दिसते, उन्हात वाळलेल्या शेणाच्या सड्यासारखी. नवीन माणूस ते बघून म्हणतो टाकी तुंबली. तुंबलेली नसते, ती तशीच असायला हवी. साय आणि गाळ यांच्या मधे जे पाणी असतं तेच पुढच्या कप्प्यात गेलं पाहिजे. म्हणून दोन कप्प्यांमधल्या आडभिंतीला भोक वरही नाही आणि बुडाशीही नाही, पाण्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर ठेवतात. म्हणूनच आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाईपांना टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा जोड, लावतात, म्हणजे येणारं पाणी सायीवर आदळत नाही आणि जाणाऱ्या पाण्याबरोबर साय निघून जात नाही. बाहेर जाणारा पाईप आत येणाऱ्यापेक्षा ५ सेंटिमीटर खाली. टी म्हणजे दोन-तीनशे रुपयांची वस्तू, पण उपसायला गेलेल्या टाक्यांत मला ती निम्म्या ठिकाणीसुद्धा सापडत नाही.

दुसरं काम जंतूंचं. त्या गाळात हवा नसते आणि बिनहवेत जगणारे जंतू तिथं आपोआप वाढतात. एक जात मोठे पदार्थ फोडून त्यांची आम्लं करते, दुसरी जात त्या आम्लांचा मिथेन वायू करते. दोघांची जोडी जमलेली असते तोवर टाकीला फारसा वास नसतो. तुम्ही संडासात आठवड्याला ॲसिडची बाटली ओतली की आधी दुसरी जात मरते, ती जास्त नाजूक. मग पहिलीनं केलेली आम्लं तशीच साचतात, टाकी ‘आंबते’, आणि घरभर सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो मारायला पुन्हा फिनाईल. हे चक्र मी किती घरांत बघितलं असेल त्याला गणती नाही. गरम हवेत हे जंतू जोमानं काम करतात, म्हणजे या एका बाबतीत आपला मराठवाड्याचा उन्हाळा आपल्या बाजूनं आहे.

टाकी चालू करताना गूळ-ताक ओता, शेणकाला टाका, बाजारातली पावडर टाका, असं सांगणारे भेटतील. शेणकाल्यानं बिघडत काही नाही, पण गरजही नाही. जंतू आपल्याच पोटातून रोज ताजे येतात. पावडर टाकली की उपसा करावा लागत नाही, हे मात्र खोटं. जे कुजतच नाही ते, म्हणजे माती, राख, केस, तंतू, बुडाशी बसणारच. माणशी वर्षाला ३० ते ४० लिटर गाळ धरून चालायचं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पाणी शुद्ध होतं का. दुसऱ्या कप्प्यातून निघालेलं पाणी काचेच्या ग्लासात धरून बघा. फिकट करडं दिसतं, घाण तरंगताना दिसत नाही, आणि माणसाची फसगत होते. तरंगणाऱ्या कणांपैकी अर्धे किंवा थोडे जास्त टाकीत राहिले. कुजणारा जो विरघळलेला माल, त्यातला तिसरा हिस्सा ते निम्मा गेला. आणि रोगजंतू मात्र आले होते जवळजवळ तेवढेच उरले. १०० मिलिलिटर पाण्यात आतड्यातले जंतू लाखांनी, कधी कोटींनी सापडतात. जंताची अंडी खाली गाळात बसतात आणि तिथं महिनोन्‌महिने जिवंत राहतात. टाकी अर्धंच काम करते, हा तिचा दोष नाही, तिचं कामच तेवढं आहे. उरलेलं अर्धं काम जमिनीनं करायचं असतं, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या कामात लोकांनी टाकीवर जीव टाकला आणि जमिनीकडं पाहिलंच नाही असंच जास्त दिसलंय. टाकी मोठी, झाकण भारी, बाहेरचा पाईप मात्र सरळ नालीत.

जमीन हे काम कसं करते? पाणी शोषखड्ड्यातून किंवा चरातून मातीत उतरतं तेव्हा माती आणि खडी जिथं भेटतात तिथं काही महिन्यांत एक काळा, बुळबुळीत थर धरतो. तो जंतूंचाच असतो. तो पाणी अडवतो, हळू सोडतो, आणि त्याच्या खाली माती ओली पण भिजून चिंब नाही अशा अवस्थेत राहते. मातीच्या कणांमधे हवा असते, तिथं हवेवर जगणारे जंतू काम करतात. पाणी कणाकणाला चाटत खाली जातं, रोगजंतू चिकटतात, उपाशी मरतात, दुसऱ्यांचं भक्ष्य होतात. दोन-तीन फूट अशी हवेशीर माती मिळाली तर पाणी बऱ्यापैकी साफ होतं. नायट्रेटला मात्र माती अडवत नाही, ते पाण्याबरोबर चालत राहतं.

आपली अडचण इथंच आहे. आपल्याकडची जमीन दोन टोकांची. परभणीत, गोदावरी-दुधनेच्या पट्ट्यात, खोल काळी. ती पाणी पितच नाही. अंबाजोगाईला, बालाघाटाच्या अंगावर, फूट-दोन फूट माती, मग मुरूम, मग फटीफटींचा काळा खडक. तो घटाघटा पितो आणि काहीच गाळत नाही. दोन्हीकडं एकच नकाशा चालवायचा म्हटलं तर कसं चालेल?

काळ्या मातीनं मला एकदा चांगलंच शिकवलंय. धंद्याच्या सुरुवातीची गोष्ट. जिंतूर रोडच्या बाजूला एका मास्तरांच्या घराचं काम होतं, एप्रिल महिना. शोषखड्डा खणला, त्यात पाणी ओतून बघितलं, बघता बघता गायब. मी खूष, मास्तर खूष. पाणी मातीत मुरत नव्हतं, उन्हाळ्यात रानाला ज्या हातभर भेगा पडतात त्यांत चाललं होतं. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात माती फुगली, भेगा मिटल्या. पोळ्याच्या आठवड्यात मास्तरांचा निरोप आला की बाथरूमच्या जाळीतून उलटं पाणी यायलंय. मी गेलो तर शोषखड्डा काठोकाठ भरलेला, वर हिरवी शेवाळ. त्या घरचे लोक महिनाभर बादलीनं पाणी उपसून लांब टाकत होते. मास्तर मला एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून मी काळ्या रानात उन्हाळ्यातली चाचणी मानत नाही. चाचणी सोपी आहे, कुणीही करू शकतो. जिथं चर घ्यायचा तिथं वीतभर रुंदीचा, चराच्या खोलीएवढा खड्डा घ्यायचा, बुडाशी दोन इंच वाळू-खडी, आणि पाणी भरून रात्रभर भिजत ठेवायचा. पुस्तकात रात्रभर म्हटलंय, काळ्या मातीत मी तीन-चार दिवस भिजवतो, सारखं पाणी घालून. मग पाणी भरून घड्याळ लावायचं आणि २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर, खाली जायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. भारतीय मानक आय.एस. २४७० च्या दुसऱ्या भागाप्रमाणे ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालेल. ३० ते ६० असेल तर शोषखड्डा नको, उथळ चर घ्या. साठच्या वर असेल तर त्या जमिनीत पाणी मुरवायचा नाद सोडा, आधी खडीची गाळणी बांधा, ती कशी ते पुढं सांगतो. भिजलेल्या काळ्या मातीत मला साठच्या आतला आकडा क्वचितच मिळालाय.

मेहुण्यांकडचं उलटं. तिथं खड्ड्याच्या तळाला मुरूम किंवा थेट खडक लागला असणार. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र खडक, नाहीतर उभ्या फटींचा काळा पाषाण. फटीत शिरलेलं पाणी कुठं चाटत बसत नाही, सरळ खाली जातं. बारा वर्षं टाकी भरली नाही कारण बारा वर्षं मैलापाणी तिथल्या भूजलात चाललंय. त्यांचा किंवा शेजाऱ्याचा बोअर किती अंतरावर आहे ते त्यांना विचारा. एक साधी खूण सांगतो. मृगाचे पहिले एक-दोन पाऊस झाल्यावर बोअरच्या पाण्याला वास किंवा रंग येतो का? येत असेल तर वरचं पाणी फटींतून बोअरला भेटतंय. पाणी तपासायला द्या आणि नायट्रेट मुद्दाम बघायला सांगा, पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाटतं. घरात तान्हं बाळ असेल आणि वरचं दूध त्या पाण्यात कालवत असतील तर हे आजच बघायला हवं.

आता तुमचा प्लॉट. मानक म्हणतं की पाणी मुरवायची जागा पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर लांब हवी आणि घरापासून ६ मीटर. तीस बाय चाळीसचा प्लॉट म्हणजे ९ मीटर बाय १२ मीटर. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं मोजलं तरी १५ मीटर भरतं. म्हणजे स्वतःचा बोअर आणि स्वतःचा शोषखड्डा एकाच प्लॉटवर नियमानं बसूच शकत नाहीत. वर शेजाऱ्याचा बोअर तुमच्या भिंतीला लागून असणार. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो दुष्काळ आपण सगळ्यांनी बघितलाय. त्या धसक्यानं मी काम केलेल्या लेआउटांत प्लॉटमागं एक बोअर झालाय आणि प्लॉटमागं एक बिनबुडाची टाकीही झालीय. एकाच जमिनीत एक नळी पाणी वर ओढतेय आणि दहा हातांवर दुसरी मैलापाणी खाली सोडतेय.

म्हणून तुमच्यासाठी माझं सांगणं: टाकी लहान पण पक्की, खाली बूड असलेली. तिच्या पुढं खडीची गाळणी. त्याच्या पुढं कर्दळीचा वाफा. शोषखड्डा नाही.

टाकीचं माप आतून साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद, पाण्याची खोली चार फूट, वर एक फूट मोकळी हवा. २,२०० लिटर पाणी राहतं. फक्त संडासाचं पाणी सोडलं तर पाच माणसांचं रोजचं दोनशे लिटर धरा, म्हणजे पाणी दहा-अकरा दिवस आत थांबतं. मानकात पाच माणसांना यापेक्षा लहान माप दिलंय, पण दिवाळीला लेकी-जावई येतात, उरुसाला पाहुणे येतात, म्हणून मी थोडी मोठी घेतो. मिस्त्रीची दहा बाय आठची टाकी याच्या चौपट होते. तेवढ्या पैशात वरचं सगळं बसतं आणि पैसे उरतात. आडभिंत लांबीच्या दोन तृतीयांशावर, पहिला कप्पा मोठा. बूड पहिल्या कप्प्याकडं जरा उतरतं ठेवा, उपसताना गाळ तिकडं सरकतो.

काळ्या रानात टाकीची भिंत फुटते ती आतल्या पाण्यानं नव्हे, बाहेरच्या मातीनं. पावसाळ्यात माती फुगते, भिंत आत दाबते, उन्हाळ्यात सोडते. म्हणून खड्डा चारी बाजूंनी फूटभर मोठा घ्या आणि भिंत-माती यांच्या मधे मुरूम भरा, खणलेली काळी माती परत ढकलू नका. बुडाशी सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, त्यावर लोखंड घातलेलं काँक्रीट. आतून वॉटरप्रूफ प्लास्टर, कोपरे गोल. मुरूम भरायच्या आधी टाकी पाण्यानं भरा, पातळीला खूण करा, दुसऱ्या दिवशी बघा. मिस्त्री म्हणेल एवढं कोण बघतं. तुम्ही बघा. रेडिमेड प्लॅस्टिकची टाकी घेणार असाल तर बसवल्याबरोबर तिच्यात पाणी भरा. रिकामी ठेवली तर पावसाळ्यात जमिनीतलं पाणी तिला वर उचलतं आणि पाईप तुटतात.

गाळणी म्हणजे टाकीलाच जोडलेला तीन बाय तीन फुटांचा तिसरा कप्पा. पाणी पाईपानं त्याच्या तळाला न्यायचं आणि खडीतून वर चढवायचं, वरून बाहेर काढायचं. खाली भोकांची फरशी, तिच्यावर तीन फूट धुतलेली खडी, खालून मोठी, वर वीस एमएम. महिन्या-दोन महिन्यांत खडीवर जंतूंचा थर धरतो आणि टाकीतून निसटलेला माल तो खातो. दोन-तीन वर्षांनी, टाकी उपसताना, ही खडी वरून पाणी मारून, घाण खालून काढून धुवावी लागते. हे काम कटकटीचं आहे, लपवत नाही.

मग वाफा. कंपाउंडच्या कडेनं वीस फूट लांब, अडीच-तीन फूट रुंद, दोन फूट खोल, बुडाशी जाड प्लॅस्टिक किंवा कोबा, आत खडी, वर कर्दळ. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागापासून तीन-चार बोटं खाली राहील असा बाहेरचा पाईप बसवा, म्हणजे डास अंडी घालत नाहीत. उन्हाळ्यात कर्दळ आणि ऊन मिळून चांगलं पाणी ओढतात. उरलेलं पाणी उथळ चरानं बोअरच्या उलट बाजूच्या झाडांना. उथळ म्हणजे दीड-दोन फूट, कारण काळ्या मातीत मुळं आणि हवा वरच्या थरातच आहेत, खोल गेलं की चिखल. हे पाणी पिण्याचं नाही, हात लावायचंही नाही. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याला तर मुळीच नाही.

न्हाणीचं आणि मोरीचं पाणी टाकीत सोडू नका. त्यात मैला नाही, ते वेगळं सोपं आहे. तेल-खरकटं अडवायला एक छोटा चेंबर करा आणि ते पाणी केळी-कढीपत्त्याला द्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी सांडपाण्याचे घरोघर शोषखड्डे करून उघड्या नाल्या बंद केल्या, डास कमी झाले. तो नमुना चांगला आहे, पण तो न्हाणी-मोरीच्या पाण्यासाठी आहे. बरेच लोक तो बघून येतात आणि संडासाचा पाईप त्यात सोडतात.

गावाकडं जागा असेल, जमिनीतलं पाणी खोल असेल, तर टाकीच बांधू नका, दोन खड्ड्यांचा संडास सगळ्यात बरा. एक खड्डा भरला की तो बंद, दुसरा चालू. बंद खड्डा वर्ष-दीड वर्ष तसाच ठेवला की आतल्या मैल्याची काळी, भुसभुशीत, बिनवासाची माती होते. मी पहिल्यांदा फावडं मारलं तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं. पण एका वेळी एकच खड्डा चालू पाहिजे. स्वच्छ भारतच्या काळात बांधलेल्या कित्येक ठिकाणी चेंबरमधलं दुसरं तोंड बुजवलेलंच नाही, दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि मग म्हणायचं योजना फसवी. फटींच्या खडकात असे खड्डे घ्यायचे तर बूड बंद करून भोवती अर्धा मीटर बारीक वाळूचा वेढा द्यावा लागतो. खडक जे गाळत नाही ते वाळू गाळते. मेहुण्यांची नवी टाकी करायची वेळ आली तर तिच्या पुढच्या शोषखड्ड्यालाही हाच वेढा लागेल, आणि बोअरपासूनचं अंतर तर पाळायचंच.

उपशाचं बघा. दर दोन-तीन वर्षांनी, टाकी भरायची वाट न बघता. नक्की कधी, ते काठीनं कळतं. सात-आठ फुटांचा बांबू घ्या, खालच्या अर्ध्याला जुनं पांढरं धोतर फाडून घट्ट गुंडाळा, झाकणाच्या भोकातून सरळ बुडापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं थांबा, हळू वर काढा. जिथपर्यंत गाळ तिथपर्यंत काळा डाग, त्यावर नुसतं करडं ओलं. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आले की गाडी बोलवा. तुमच्या मापात तीन वर्षांत पाचशे-सव्वापाचशे लिटर गाळ होतो, साय धरली की हिशोब तिथंच जातो. उशीर केला तर गाळ गाळणीत शिरतो आणि खडी कायमची बसते. उपसताना बुडाशी थोडा गाळ राहू द्या, तो विरजणासारखा. वाई आणि सिन्नरच्या नगरपालिकांनी तीन वर्षांतून एकदा प्रत्येक घरची टाकी ठरवून उपसायची पद्धत लावली, लोकांच्या तक्रारीची वाट न बघता. आपल्याकडं अजून नाली तुंबल्यावरच फोन जातो. आणि गाडीवाल्याला गाळ कुठं टाकणार ते विचारा. ओढ्यात टाकणारा स्वस्त पडतो.

माणूस आत उतरवायचा नाही. गाडीचा पाईप पोचत नाही म्हणून नाही, आतली वीट काढायची म्हणून नाही, ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणूनही नाही. तो सडक्या अंड्याचा वायू थोडा असतो तेव्हाच वास येतो. जास्त झाला की तो आधी नाकच मारतो, वास गेला म्हणून माणूस आणखी खाली उतरतो. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. शेजारी उभं राहून बिडी पेटवली तर मिथेन पेट घेऊ शकतो. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानं अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. त्यासाठीच झाकणं दोन ठेवा, दोन्ही कप्प्यांवर एकेक, आणि पाईप जाईल अशा जागी. लोक वर पार्किंगची फरशी बसवून टाकतात, मग उपसायला फरशी फोडायची. हवेचा पाईप छतापेक्षा उंच न्या आणि तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर तुमची टाकी साऱ्या गल्लीला डास पुरवते.

बोअरचंही एक काम राहिलंय. केसिंग, म्हणजे बोअरमध्ये वरून बसवलेला पाईप, आणि भोकाची भिंत यांच्या मधे जी मोकळी जागा असते ती बहुतेक ठिकाणी नुसत्या मुरमानं बुजवतात. वरचं पाणी तिथूनच खाली उतरतं. वरचे दहा-पंधरा फूट सिमेंटच्या घट्ट राड्यानं भरून घ्या आणि केसिंगभोवती उतरता ओटा करा. बोअरवाला नाही म्हणेल, त्याला वेळ नसतो. पैसे देण्याआधी करून घ्या.

मिस्त्रीनं दहा बाय आठचा खड्डा खणून टाकला असेल तर तो वाया जात नाही. लांबीत साडेसहा फुटांची टाकी आणि शेजारी तीन बाय तीनची गाळणी जेमतेम बसते, भिंतींची जाडी आणि दोन्ही टोकांचा फूटभर मुरूम धरून खड्डा लांबीत तेवढा वाढवा, आणि रुंदीत जी जागा उरते ती मुरमानं भरा. खड्डा आठ फूट खोल गेला असेल तर खाली सोलिंग करून वर आणा, खोली जास्त म्हणून टाकी खोल करू नका, नाहीतर गाळणीतलं पाणी वाफ्यापर्यंत चढणारच नाही. पाईपांच्या उंची ठरवण्याआधी वाफ्याची जागा नक्की करा, उतार तिकडून मागं मोजत या.